डी वर्गाचा अ‍ॅम्प मोजायचा कसा? खरा आकडा कुठला?

बारीक_खरखर

नमस्कार मंडळी,

डी वर्गाच्या (वेगाने चालू-बंद होऊन चालणाऱ्या) टीपीए३११६ चिपचा तयार बोर्ड, २४ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजी लावलेला रेझिस्टर) आणि यूएसबी ऑडिओ इंटरफेस एवढ्या सामग्रीवर सध्या मोजमाप चालू आहे. सॉफ्टवेअर आरईडब्ल्यू, म्हणजे फुकटातलं. इंटरफेसच्या आधी १० किलोओहम आणि १ किलोओहमचा विभाजक (व्होल्ट कमी करणारी रेझिस्टरची जोडी) लावलाय. १ किलोहर्ट्‌झचा सूर, ५ वॅट.

अडचण अशी की इंटरफेसला असं जोडलं की टीएचडी+एन (विकृती अधिक गोंगाट) भलताच जास्त येतो. विभाजकाच्या टोकाला एक छोटा कपॅसिटर आडवा टाकला की तोच आकडा कित्येक पटींनी खाली. अ‍ॅम्प तोच, सूर तोच, लोड तोच. मग खरं काय? फिल्टर लावून आकडा गोड करून घेणं म्हणजे वजनकाट्यावर उभं राहून एक पाय जमिनीला टेकवणं झालं की!

दुसरं म्हणजे बोर्डवर छापलंय "१०० वॅट + १०० वॅट". मला तर त्याच्या निम्म्यानेही मिळत नाहीत, शिखरं आधीच कापली जातात.

एबी वर्गाचे (जुन्या, स्विचिंग नसलेल्या पद्धतीचे) अ‍ॅम्प याच इंटरफेसवर बिनतक्रार मोजले गेलेत, म्हणून जास्त गोंधळ. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तापकीर_गल्ली

आधी वॅटचं मिटवून टाकतो, ते सोपं आहे. मग बाकीचे ऑसिलोस्कोप आजोबांसाठी ठेवू.

हा बोर्ड ब्रिज पद्धतीचा, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना अ‍ॅम्प. त्यामुळे लोडवर जास्तीत जास्त शिखर सप्लायएवढं, २४ व्होल्ट. ४ ओहमला आदर्श हिशेब २४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे ७२ वॅट. पण वाटेत दोन मॉसफेटचा (स्विच म्हणून चालणारे ट्रान्झिस्टर) प्रत्येकी ०.१२ ओहम रोध आणि दोन कॉइलचा थोडा असतो. तो धरला की शिखर २२ व्होल्टवर येतं आणि वॅट होतात साठ-एकसष्ट. तुमच्या ८ ओहमला ३३ च्या आसपास. कुठून येणार १००?

लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावणारे पुष्कळ आहेत. त्यांना ४ ओहमला जेमतेम ३८. चिप बनवणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स स्वतः ५० वॅट म्हणते, ४ ओहमला २१ व्होल्टवर, आणि तेही टीएचडी+एन १० टक्के असताना. १० टक्के म्हणजे साइन लाट डोक्यावर सपाट झालेली असते. स्कोपवर एकदा बघा, पुन्हा कधी १० टक्क्यांचा वॅट मोजणार नाही.

बाजारात पीएमपीओच्या (फुगवलेल्या क्षणिक वॅटच्या) जमान्यापासून हेच चालू आहे. हजार वॅट लिहिलेला टू-इन-वन आणि आत बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पेन्सिलीएवढा हीटसिंक.

ऑसिलोस्कोप_आजोबा

खरखरराव, प्रश्न चांगला मांडलात. तुमच्या शंकेतच उत्तर आहे, फक्त पाय जमिनीला कोणाचा टेकलाय ते उलटं पाहताय. फिल्टर *नसताना* येणारा आकडा खोटा आहे, कारण तो तुमच्या अ‍ॅम्पचा नाही, इंटरफेसचा आहे.

डी वर्गात आवाजाची लाट एका वेगवान त्रिकोणी लाटेशी ताडून चौकोनी स्पंदांची मालिका बनवतात. स्पंदाची रुंदी आवाजाप्रमाणे कमीजास्त होते. मॉसफेट पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, मधे कुठे नाही, म्हणून उष्णता कमी. शेवटी कॉइल आणि कपॅसिटरने स्पंद गाळून आवाज मागे ठेवायचा. पण गाळणी पूर्ण गाळत नाही. हिशेब करून पाहू. तुमच्या बोर्डावर बहुधा १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरड आहेत. त्यांची अनुनाद वारंवारता ६१ किलोहर्ट्‌झ. स्विचिंग, म्हणजे मॉसफेट चालू-बंद होण्याची वारंवारता, ४०० वर असेल तर गाळणी त्याला साधारण ४३ पटींनी दाबते. २४ व्होल्टच्या चौकोनी लाटेचा मूळ घटक १५ व्होल्ट शिखराचा. ४३ ने भागा: ०.३६ व्होल्ट शिखर, म्हणजे आरएमएस पाव व्होल्ट. एवढा वाहक (गाळणीतून उरलेली स्विचिंगची लाट) प्रत्येक तारेवर कायम बसलेला असतो, गाणं असो वा नसो.

आता ८ ओहमला ५ वॅट म्हणजे ६.३ व्होल्ट. त्यातली ०.१ टक्का विकृती म्हणजे ६ मिलिव्होल्ट. तुम्ही ६ मिलिव्होल्ट शोधताय आणि शेजारी अडीचशे मिलिव्होल्टचा वाहक ओरडतोय. गोंगाट मोजायला गेलात तर आणखी बिकट. चांगल्या अ‍ॅम्पचा गोंगाट शंभर मायक्रोव्होल्टच्या आत असतो, वाहक त्याच्या अडीच हजार पट.

कोणी म्हणेल, वाहक ४०० किलोहर्ट्‌झवर आहे, इंटरफेस तर २०-२२ च्या पुढचं ऐकतच नाही. पण ते "न ऐकणं" होतं आतल्या फिल्टरमध्ये, आणि तो बसतो पहिल्या ऑप-अ‍ॅम्पच्या *नंतर*. त्या पहिल्या टप्प्याला ४०० किलोहर्ट्‌झची लाट तोंडावर झेलावी लागते. तिचा वेग त्याला झेपत नाही, तो आपल्या परीने तिची मोडतोड करतो, आणि त्या मोडतोडीतून श्राव्य पट्ट्यात कचरा पडतो. पुढच्या फिल्टरला तो कचरा आवाजच वाटतो. महागड्या अ‍ॅनालायझरमध्ये याच्या जोडीला आपोआप पल्ला निवडणारं सर्किट असतं. ते वाहकाकडे बघून चुकीचा पल्ला निवडतं.

म्हणून फिल्टर हवाच, आणि तो पहिल्या सक्रिय भागाच्या आधी हवा, निव्वळ पॅसिव्ह. ऑडिओ प्रिसिजन या ओरेगॉनमधल्या कंपनीने याच कामासाठी ऑक्स-००२५ नावाचा वेगळा डबा काढला. कंपनीचे एक संस्थापक ब्रूस होफर यांनी स्विचिंग अ‍ॅम्प मोजण्याबद्दल तपशीलवार लिहिलंही आहे. डब्याच्या आत फक्त कॉइल आणि कपॅसिटर. किंमत विचारू नका.

नवशिक्या_नागपूर

आजोबा, भारी. वाचनखूण साठवली.

स्कोपचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो. प्रोबची काळी क्लिप स्पीकरच्या मायनसला लावून लाट बघू का? बोर्डावर मायनस छापलंय.

ऑसिलोस्कोप_आजोबा

थांबा. लावू नका.

ब्रिज बोर्डावर मायनस छापलं असलं तरी ती जमीन नाही. तीही अ‍ॅम्पचीच एक बाजू आहे आणि शांत असतानाही १२ व्होल्टवर उभी असते, सप्लायच्या निम्म्यावर. स्कोपची काळी क्लिप तिसऱ्या पिनेतून थेट घराच्या अर्थला जाते. बोर्डाची जमीनही कुठून तरी, कॉम्प्युटरच्या यूएसबीतून म्हणा, अर्थला पोचलेली असते. क्लिप लागली की अ‍ॅम्पचा एक पाय शॉर्ट. चिपमधलं संरक्षण वाचवेलही, भरवसा नको.

दोन प्रोब घ्या, दोन्हींच्या क्लिपा सप्लायच्या मायनसला, टोकं स्पीकरच्या एकेका टोकाला, आणि स्कोपला पहिल्यातून दुसरा वजा करायला सांगा. कोणी अर्थची पिन कापायचा सल्ला दिला तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. त्यात जीव जातात.

इंटरफेसलाही हेच लागू. दोन्ही टोकांना वेगळा विभाजक, संतुलित इनपुट, आणि त्या १२ व्होल्टसाठी मालिकेत कपॅसिटर.

बारीक_खरखर

विभाजक दोन्ही टोकांना आहे, कपलिंग कपॅसिटरही आहे. आता तो आडवा कपॅसिटर नेमका किती ठेवू? मी हाताला लागला तो टाकला होता.

मृण्मयी_इ

मी चाचणी प्रयोगशाळेत काम करते, ऑडिओच्या नाही पण बरीचशी तीच यंत्रं. दोन पैसे टाकते.

१० आणि १ किलोओहमचा विभाजक म्हणजे इंटरफेसला तो ९०९ ओहमचा स्रोत दिसतो. त्यावर ३.३ नॅनोफॅरड टाकला की कोपरा (जिथून फिल्टर दाबायला लागतो ती वारंवारता) ५३ किलोहर्ट्‌झला येतो. वेगळा रेझिस्टर नको. ४०० वर साडेसात पटींनी दाब मिळतो, शिवाय विभाजकाचे ११ पट आहेतच. पाव व्होल्टचे होतात ३ मिलिव्होल्ट. बहुतेक इंटरफेस एवढं सहन करतात. बदल्यात २० किलोहर्ट्‌झला ०.६ डेसिबल जातात, ते कॅलिब्रेशन फाइलमध्ये भरून काढा.

कपॅसिटर मात्र सी०जी प्रकारचा सिरॅमिक किंवा पॉलिप्रॉपिलीनचा. दुकानात "सिरॅमिक द्या" म्हटलं की एक्स७आर देतात. त्याची धारिता व्होल्टनुसार बदलते, म्हणजे तो स्वतःच विकृती घालतो. मोजायला बसलात अ‍ॅम्प आणि मोजून झाला कपॅसिटर, असं व्हायचं.

आणखी एक. विकृती मोजताना विभाजक ठेवा. गोंगाट मोजताना तो काढून त्याच्या जागी मालिकेत साधारण ९०० ओहमचा रेझिस्टर घाला, म्हणजे फिल्टर तसाच राहील, नाहीतर इंटरफेसचा स्वतःचा गोंगाट ११ पट होऊन अ‍ॅम्पच्या नावावर चढेल. तेव्हा आवाजाचा सिग्नल चुकूनही येणार नाही एवढं बघा.

आता आजोबांच्या मुद्द्याला एक "पण". फिल्टर लावणं प्रामाणिकच आहे, पण फिल्टर कुठे लावला ते लिहिलं नाही तर अप्रामाणिक होतं. एईएस१७ या मानकात २० किलोहर्ट्‌झपर्यंत सपाट आणि २४ च्या पुढे किमान ६० डेसिबल खाली असा कडक फिल्टर सांगितलाय. डिजिटल यंत्रं मोजायला तो बरोबर आहे. त्याच फिल्टरमधून १० किलोहर्ट्‌झच्या सुराची विकृती मोजली तर? दुसरा गुणज बरोबर २० वर, तिसरा ३० वर. तिसरा कापला गेला, चौथा-पाचवाही गेला. आलेख १ किलोहर्ट्‌झपासून वर वर चढत जातो आणि ७ च्या पुढे एकदम खाली कोसळतो. काही जाहिरातींत तो कोसळलेला भागच "उच्च वारंवारतेला अतुलनीय शुद्धता" म्हणून मिरवतात!

वर काय चाललंय ते बघायचं असेल तर १९ आणि २० किलोहर्ट्‌झचे दोन सूर एकदम घाला. अ‍ॅम्प वाकडा असेल तर १ किलोहर्ट्‌झला फरकाचा सूर उमटतो आणि १८ ला बाजूचा. दोन्ही पट्ट्याच्या आत, कुठलाही फिल्टर लपवू शकत नाही. डी वर्गाला माझ्या मते हीच पहिली चाचणी हवी, १ किलोहर्ट्‌झचा एकच आकडा नंतर. फीडबॅकची (आउटपुट परत इनपुटशी ताडून चूक सुधारण्याची) ताकद वर जाताना कमी होत जाते, त्यामुळे दोष दिसतात ते वरच.

रसिक_श्रोता

सगळं वाचतोय, आदर आहे. पण मंडळी, एवढं गणित करून शेवटी ऐकायचं कानांनीच ना? माझ्याकडे हाच बोर्ड आहे. जुन्या ८ ओहमच्या बुकशेल्फवर झांजा टोचतात, किशोरीताईंचा तार षड्ज सुद्धा किंचित धारदार होतो. मित्राच्या ४ ओहमच्या स्पीकरवर हाच बोर्ड उलट मऊ, जरा झाकल्यासारखा. आकड्यात ०.१ टक्का म्हणे. कुठल्या आकड्यात दिसतं हे?

ऑसिलोस्कोप_आजोबा

दिसतं. आणि तुमचे कान अगदी बरोबर सांगतायत.

वर मी जी गाळणी सांगितली, १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरड, तिला किती ओहमचा लोड लावलाय त्यावर तिचा आकार ठरतो. ८ ओहमला प्रत्येक बाजूला ४ ओहम दिसतात, गाळणी जरा उसळते, २० किलोहर्ट्‌झला *अर्धा डेसिबल वर*. ४ ओहमला प्रत्येक बाजूला २ ओहम, गाळणी बसते, २० ला *पाऊण डेसिबल खाली*. दोघांत सव्वा डेसिबलचा फरक, एकाच बोर्डाचा. आणि हा शुद्ध रेझिस्टरचा हिशेब आहे. खऱ्या स्पीकरचा रोध वरच्या टोकाला चढत जातो, त्यामुळे गाळणीवर जवळपास काहीच लोड उरत नाही आणि ६१ किलोहर्ट्‌झजवळचा कंगोरा खूप उंच होतो. त्याची शेपटी खाली १०-१२ पर्यंत जाणवू शकते.

मृण्मयीताई म्हणतात तसं १ किलोहर्ट्‌झला सगळं ठाकठीक दिसेल. विकृतीच्या आकड्यात हे येणारच नाही, कारण ही विकृती नाही, पट्ट्याचा आकार आहे. म्हणून डी वर्गाचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स ४, ८ आणि लोडशिवाय असा तिन्ही वेळा काढायचा, आणि जमलं तर खऱ्या स्पीकरवर. एबी वर्गात याची गरज क्वचित पडायची, म्हणून जुन्या पिढीला सवय नाही.

रसिक_श्रोता

बघा, म्हणजे माझे कान पास! मग यावर उपाय काय? की नवीन स्पीकर घ्यायचे?

डच_मराठी

नेदरलँड्समधून. उपाय आहे, आणि त्याचा जन्म इथून फार लांब झालेला नाही.

तुमच्या चिपमध्ये फीडबॅक गाळणीच्या *आधी*, मॉसफेटच्या पायांवरून घेतलाय. त्यामुळे गाळणीत काय होतं ते चिपला कळतच नाही: स्पीकरप्रमाणे बदलणारा आकारही नाही, आणि जास्त करंटला कॉइलचा फेराइट गाभा संपृक्त होऊन येणारा तिसरा गुणजही नाही. स्वस्त बोर्डावर विकृतीचा मोठा वाटा याच कॉइलचा असतो. चिप बिचारी निष्पाप.

ब्रूनो पुट्झेज हे फिलिप्समध्ये, बेल्जियमच्या ल्यूव्हेनमध्ये असताना त्यांनी यूसीडी नावाची रचना केली. तिच्यात फीडबॅक गाळणीच्या *नंतर* घेतात. गाळणीचा कलाविलंबच (लाट मागे पडणं) वापरून सर्किट स्वतःच दोलायमान होतं, वेगळी त्रिकोणी लाट लागत नाही. गाळणी फीडबॅकच्या कवेत आल्यामुळे ४ ओहम काय आणि ८ ओहम काय, वरचा पट्टा जवळपास सारखाच. पुढे हायपेक्समधला एनकोर आणि नंतर पुरिफीचा आयगनटॅक्ट, दोन्ही त्याच विचाराची पुढची पायरी. टेक्सासनेही टीपीए३२५५ च्या कुटुंबासाठी बाहेरून असा फीडबॅक कसा घ्यायचा याची टिपण दिली आहे.

मोजणाऱ्यांसाठी खाचखळगा: स्वयंदोलित अ‍ॅम्पची स्विचिंग वारंवारता स्थिर नसते. आवाज वाढत गेला, क्लिपिंग (शिखरं कापली जाणं) जवळ आलं की ती खाली घसरते. शांततेत तपासलेला फिल्टर पूर्ण पॉवरला पुरेल असं समजू नका.

तापकीर_गल्ली

रसिकराव, घरगुती उपाय: बोर्डाच्या स्पीकर टोकांवर रेझिस्टर आणि कपॅसिटर मालिकेत, ज्याला झोबेल म्हणतात. कंगोरा थोडा बसतो. नवीन स्पीकरपेक्षा पुष्कळ स्वस्त.

अवांतर_अनंत

अवांतर: माझा असाच बोर्ड चालू केला की आमच्या बाबांचा रेडिओ शिट्ट्या मारतो. घरात युद्ध. मोजमापात हे कुठे बसतं?

मृण्मयी_इ

अवांतर नाही, अगदी विषयात आहे. मीडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्‌झ. ४०० किलोहर्ट्‌झवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा दुसरा गुणज ८००. आकाशवाणी पुणे ७९२ वर. फरक ८ किलोहर्ट्‌झ, तीच शिट्टी. चिपचं घड्याळ थोडं इकडेतिकडे असतं, म्हणून शिट्टीची पट्टीही सरकत राहते. मुंबईत ५५८ ऐकणाऱ्यांना ४०० ऐवजी ६०० वर चालणारा बोर्ड जास्त जवळचा शेजारी.

टीपीए३११६ मध्ये यासाठी वारंवारता बदलण्याची सोय आहे: ४००, ५००, ६००, १००० आणि १२०० किलोहर्ट्‌झ. चिपच्या पिनांवरून निवडायची. बरेच बोर्डवाले ती एकाच जागी बांधून टाकतात.

याचाच भाऊबंद घरातल्या घरात होतो. दोन चिप असलेल्या बोर्डावर दोघी आपापल्या घड्याळाने चालत असतील, एक ४०० आणि दुसरी ४०३, तर ३ किलोहर्ट्‌झची बारीक शीळ स्पीकरमधून येते. एक चिप मुख्य आणि दुसरी तिच्या तालावर, असं जोडायची सोय आहे. चाचणी अशी: दोन्ही चॅनल चालू, इनपुट शॉर्ट, आणि स्पेक्ट्रम बघा. एक चॅनल बंद करून मोजाल तर शीळ सापडणारच नाही.

नवशिक्या_नागपूर

अवांतर_अनंत, बाबांना एफएम लावून द्या, हलके घ्या. 😄

बारीक_खरखर

३.३ नॅनो सी०जी बसवला, आकडे आता चिपच्या माहितीपत्रकाशी जुळायला लागलेत. १९+२० ची चाचणीही केली, १ किलोहर्ट्‌झला फरकाचा सूर दिसतो. सगळ्यांचे आभार.

पुढचा प्रश्न: सप्लायचा परिणाम कसा मोजायचा? पुस्तकात पीएसआरआर (सप्लायची लहर दाबण्याची क्षमता) दिलंय: सप्लायवर १०० हर्ट्‌झची लहर चढवा, आउटपुटला किती येते बघा. मला जवळपास काहीच येत नाही. म्हणजे कुठलाही स्वस्त सप्लाय चालेल?

ऑसिलोस्कोप_आजोबा

या प्रश्नाची वाटच बघत होतो. डी वर्गाच्या मोजमापातली ही सर्वात फसवी जागा आहे.

ब्रिजमध्ये दोन अर्धे असतात. इनपुट शांत असताना दोन्ही अर्धे सप्लायच्या निम्म्यावर. सप्लाय हलला की दोघेही बरोबरीने हलतात, स्पीकर पाहतो फक्त फरक, फरक शून्य. पीएसआरआर उत्तम! पण हे अ‍ॅम्पचं कर्तृत्व नाही, ब्रिजच्या समतोलाचं आहे.

आता सिग्नल घाला. समजा फीडबॅक नसलेला अ‍ॅम्प आहे. आउटपुट म्हणजे स्पंदाची रुंदी गुणिले सप्लाय. *गुणिले*, अधिक नव्हे. सप्लाय हलला की आवाजाची उंचीच हलते. २४ व्होल्टवर ०.२४ व्होल्ट शिखराची, म्हणजे फक्त १ टक्क्याची १०० हर्ट्‌झची लहर घ्या. १ किलोहर्ट्‌झच्या सुराच्या दोन्ही बाजूंना ९०० आणि ११०० वर सूर उगवतात, मूळ सुराच्या ४६ डेसिबल खाली. शांततेत केलेल्या मोजणीत यातलं काहीही नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जे पूर्ण डिजिटल अ‍ॅम्प आले, डेन्मार्कच्या टॅक्ट मिलेनियमसारखे, ते सीडीचे आकडे थेट स्पंदात बदलायचे. आवाजाच्या लाटेला मधे अ‍ॅनालॉग टप्पाच नाही, म्हणून फीडबॅकही नाही. मग सप्लाय अत्यंत शुद्ध ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्या अ‍ॅम्पमध्ये सप्लाय हा अक्षरशः सिग्नलच्या वाटेतला भाग.

तुमच्या चिपमध्ये फीडबॅक आहे, त्यामुळे बाजूचे सूर पुष्कळ दबतात. पण दबतात किती, ते सिग्नल चालू ठेवूनच मोजा. सप्लायवर लहर चढवायची सोय नसेल तर दुसरी युक्ती: उजव्या चॅनलला ५० हर्ट्‌झ जवळजवळ पूर्ण पॉवरवर, डाव्याला १ किलोहर्ट्‌झ हळू. उजवा चॅनल सप्लायला ओढतो, डाव्यात १ किलोहर्ट्‌झच्या दोन्ही बाजूंना काय उगवतं ते बघा. तबला आणि तानपुरा एकदम वाजले की घरात नेमकं हेच होत असतं.

जोडतार

आजोबांच्या यादीत भर. ज्यांचे अ‍ॅम्प ब्रिज नाहीत, धन-ऋण सप्लायवर अर्ध्या ब्रिजने चालतात, त्यांनी २० हर्ट्‌झला मोठ्या पॉवरवर सप्लायचे व्होल्ट बघावेत. अर्धा ब्रिज एका बाजूच्या सप्लायमधून ऊर्जा घेतो आणि काही भाग दुसऱ्या बाजूला परत ढकलतो. एसएमपीएस ती परत घेऊ शकत नाही, कपॅसिटर फुगत जातात, व्होल्ट चढतात. १ किलोहर्ट्‌झला पत्ताच लागत नाही, २० ला सप्लायचं संरक्षण उडून सगळं बंद. उपाय सोपा आहे. एका चॅनलला उलट कलेत (फेज उलटवून) चालवायचं आणि त्याच्या स्पीकरच्या तारा उलट्या जोडायच्या. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो.

गणपतीत सब-वूफरवाले "अ‍ॅम्प आपोआप बंद पडतो" म्हणतात, त्यातल्या काही केसेस याच. सगळ्या नाही, काही नुसत्या जनरेटरच्या.

डच_मराठी

पॉवर रेटिंगबद्दल एक मजेशीर गोष्ट राहिली. अमेरिकेत एफटीसीने (व्यापारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) १९७४ मध्ये नियम केला होता की वॅट छापायचे तर आधी अ‍ॅम्प एक तास एक-तृतीयांश पॉवरवर तापवा, मग मोजा. एक-तृतीयांशच का? तर एबी वर्ग सर्वात जास्त तापतो तो पूर्ण पॉवरला नव्हे, साधारण ४० टक्क्यांना. म्हणजे नियम मुद्दाम कठीण जागी बोट ठेवणारा होता. २००० साली ते एक-अष्टमांशावर आणलं.

डी वर्गाला यातलं काहीच अडचणीचं नाही. त्याचा तोटा करंटबरोबर चढतो, सर्वात जास्त ताप पूर्ण पॉवरला. तोच नियम, पण एकाला परीक्षा आणि दुसऱ्याला विश्रांती. म्हणून डी वर्गाची उष्णतेची चाचणी घ्यायची तर पूर्ण पॉवर सलग किती वेळ टिकते ते मोजा. बरेच बोर्ड एखाद-दोन मिनिटांत माना टाकतात.

बारीक_खरखर

पूर्ण पॉवरला ८ ओहमचा लोड म्हणून मी अ‍ॅल्युमिनियमच्या कवचातले वायरवाउंड रेझिस्टर वापरतोय, हीटसिंकवर. त्यांची इंडक्टन्स आड येईल का?

मृण्मयी_इ

५ मायक्रोहेन्री धरले तर २० किलोहर्ट्‌झला ०.६ ओहम, तेही काटकोनात मिळवायचे, त्यामुळे ८ ओहमच्या आकड्यात फरक नगण्य. पण स्विचिंगच्या वारंवारतेला तोच रेझिस्टर १५ ओहमच्या घरात जातो आणि गाळणीचा आकार बदलतो. १ किलोहर्ट्‌झला चालेल. पट्ट्याचा आकार काढताना मात्र दोन विरुद्ध दिशांनी गुंडाळलेले किंवा जाड-फिल्मवाले घ्या.

कार्यक्षमता मोजायची असेल तर आउटपुटचे व्होल्ट साध्या मल्टिमीटरने मोजू नका, निदान १ किलोहर्ट्‌झच्या वर तरी. बरेच मीटर ५० हर्ट्‌झसाठी बनलेले असतात, आणि वाहक मधे आला की त्यांचा भरवसा नाही. १०० हर्ट्‌झचा सूर घ्या आणि मीटरच्या आधीही तोच फिल्टर.

नवशिक्या_नागपूर

शेवटचा बावळट प्रश्न. माझ्याकडे डिजिटल इनपुटचा तयार अ‍ॅम्प आहे, यूएसबीतून सरळ आवाज घेतो. शांततेतला गोंगाट मोजला तर यंत्राच्या तळालाच टेकला. एवढा चांगला असेल?

मृण्मयी_इ

बावळट मुळीच नाही. इनपुटला सलग शून्यं आली की असे बरेच अ‍ॅम्प गुपचूप स्विचिंग थांबवतात. तुम्ही बंद पडलेला अ‍ॅम्प मोजलात. एईएस१७ मध्ये म्हणूनच डायनॅमिक रेंज (पूर्ण पातळीपासून गोंगाटापर्यंतचं अंतर) मोजताना पूर्ण पातळीच्या ६० डेसिबल खाली एक सूर चालू ठेवायला सांगतात. अ‍ॅम्प जागा राहतो, आणि नंतर तो सूर गणितातून वगळून उरलेला गोंगाट बघायचा. आरईडब्ल्यूत ९९७ हर्ट्‌झचा सूर ६० डेसिबल खाली लावा आणि पुन्हा मोजा.

आणि आवाज अ‍ॅम्पच्याच डिजिटल व्हॉल्यूमने कमी करत असाल तर नेहमी ऐकता त्या व्हॉल्यूमलाही एकदा मोजा. पूर्ण व्हॉल्यूमचा आकडा जाहिरातीत असतो. घरात रात्री अकराला तो कोण लावतो?

नवशिक्या_नागपूर

मोजला. तळ बराच वर आला. आता स्विचिंग जागं असल्याचं स्कोपवर पण दिसतंय, दोन प्रोब आणि वजाबाकी लावून.

रसिक_श्रोता

झोबेलसाठी रेझिस्टर किती ओहमचा आणि कपॅसिटर किती फॅरडचा घेऊ ते कोणी सांगेल का? रविवारी पुण्याच्या बुधवार पेठेत जाणार होतो.

तापकीर_गल्ली

रविवारी बंद असतं, शनिवारी या. १० ओहम ५ वॅट, दोन नग, आणि १०० नॅनोफॅरड १०० व्होल्टचे फिल्म कपॅसिटर, तेही दोन. एका चॅनलला एकेक, स्पीकरच्या टोकांवर. सिरॅमिक पुढे केला तर परत द्या.

आणि लावल्यावर खरखररावांकडून आधीचा-नंतरचा आलेख काढून घ्या, इथेच टाका.